‘रन’ या शब्दाची धाव

ज्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर विजेची मोटार आहे अशा घरांत ‘ड्राय रन’ हे दोन इंग्रजी शब्द आता परके राहिलेले नाहीत. एबीसीडी न शिकलेल्या माणसालाही ते ठाऊक असतात. पाण्यात बुडवलेल्या पंपाला थंडावा देते ते पाणीच, आणि त्याच्या आतल्या फिरत्या भागांना वंगणही पाण्याचेच. पाणी तळाला गेले आणि पंप तसाच फिरत राहिला, तर बुश घासतात, सील जळते, आणि पंप वर काढून दुरुस्तीला न्यावा लागतो. म्हणून नव्या स्टार्टरच्या पेटीत अशी सोय केलेली असते की, पाणी संपताच मोटार आपोआप बंद व्हावी आणि पेटीवर ‘ड्राय रन’चा दिवा लागावा. तो दिवा दिसला की घरधनी म्हणतो, “गेलं पाणी!” त्याच्या लेखी ‘ड्राय रन’ हे टाळायचे संकट आहे.

पुढे २०२१ साल उजाडले. कोविडची लस येऊ घातली होती. आणि बातमी आली की, २ जानेवारीला देशभर लसीकरणाचा ‘ड्राय रन’ घेण्यात येणार आहे. महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार या जिल्ह्यांत तो होईल. पंपाच्या पेटीवरून इंग्रजी शिकलेल्या माणसाने या बातमीचा काय अर्थ करावा? ज्या गोष्टीपासून मोटार वाचवायची, तीच गोष्ट सरकार मुद्दाम, तारीख लावून करणार म्हणते! वास्तविक त्या दिवशी झाली ती रंगीत तालीम. नोंदणीचे टेबल, थांबायची खोली, टोचायची जागा, नंतर अर्धा तास बसवून ठेवण्याची व्यवस्था, सगळे खरे. फक्त लस तेवढी टोचली नाही. म्हणून ते ‘कोरडे’.

‘ड्राय’ म्हणजे कोरडा, हा अर्थ दोन्हीकडे कसाबसा जुळतो. सगळी गंमत आहे ती ‘रन’मध्ये. आज त्याच एका शब्दाविषयी बोलायचे आहे.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तेव्हा ‘रन’ हा शब्द मुलाला फार लवकर भेटतो. पुस्तकात पळणाऱ्या मुलाचे चित्र असते, गुरुजी सांगतात, “रन म्हणजे धावणे,” आणि सगळा वर्ग एका सुरात तसे म्हणतो. यात चुकीचे काहीच नाही. शब्दाची पहिली ओळख अशीच व्हायला हवी. पण पुढे नऊ-दहा वर्षे त्या ओळखीत भर पडत नाही, आणि मग एक दिवस वडील नव्या पंपाचे माहितीपत्रक मुलापुढे धरतात. त्यावर लिहिलेले असते, ‘डू नॉट रन द पंप ड्राय’. मुलगा दहावीतला, इंग्रजीत बरे गुण मिळवणारा. पण तो मनात जुळवतो, ‘धावू नका, पंप, कोरडा’, आणि गप्प बसतो. वडिलांना वाटते, इतकी वर्षे शिकून याला चार शब्द वाचता येत नाहीत. मुलालाही तसेच वाटू लागते, आणि ते अधिक वाईट. कारण हा शब्द त्याला येत नव्हता असे नाही. तो येत होता, पण त्याचे एकच टोक त्याच्या हाती दिलेले होते.

‘रन’ला असे अर्थ तरी किती असावेत? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा इंग्रजीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक शब्दकोश. त्याची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. सुमारे ४३० अर्थ, आणि ते समजावून सांगायला जवळजवळ ६० हजार शब्द लागले होते. म्हणजे एका शब्दाचा खुलासा एखाद्या लहान कादंबरीएवढा! पण पुढे कोशाची नव्याने तपासणी सुरू झाली आणि २०११ साली ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले. क्रियापद म्हणून एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ भरले. ही एक नोंद सिद्ध करायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले.

६४५ हा आकडा ऐकून छाती दडपून जायचे कारण नाही. हे अर्थ कोणी खोलीत बसून योजलेले नाहीत, आणि कोणा इंग्रजालाही ते पाठ नसतात. ते गोळा कसे झाले, ही गोष्ट मात्र शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ऐकण्यासारखी आहे, कारण ती एका शिक्षकाचीच गोष्ट आहे.

जेम्स मरे हे स्कॉटलंडमधल्या डेनहोम या गावच्या शिंप्याचे पोर. जन्म १८३७ चा. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. पुढे लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत ते मास्तर झाले, आणि मास्तरकी करत असतानाच, १८७९ साली, त्यांनी या कोशाच्या संपादनाचा भार उचलला. त्यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची एक शेड उभारली. पुढे ऑक्सफर्डला गेल्यावर घराच्या बागेत तशीच दुसरी बांधली. आत भिंतींना लाकडी कप्पे. इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना त्यांनी जाहीर विनंती केली की, तुम्ही जे पुस्तक वाचाल त्यातला एखादा शब्द नेमक्या अर्थाने वापरलेला दिसला, तर ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचे नाव आणि साल घाला आणि आमच्याकडे पाठवा. चिठ्ठ्यांचा ओघ लागला. लाखांनी चिठ्ठ्या आल्या. टपालखात्याला त्यांच्या घरासमोर स्वतंत्र टपालपेटी बसवावी लागली.

आणि मग काम काय? तर एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि वाचायच्या. या चार चिठ्ठ्यांत शब्दाचा अर्थ एक दिसतो, त्या सहांत जरा वेगळा दिसतो. त्यांचे ढीग वेगळे करायचे. जितके ढीग, तितके अर्थ. म्हणजे आधी वाक्ये आली, अर्थ मागाहून आले. कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ मध्येच वारले. कोश पुरा झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

आपण शाळेत याच्या नेमके उलटे करतो. आधी अर्थ फळ्यावर लिहितो, वाक्य नंतर. तेही वेळ उरला तर.

पण मंडळी, एका शब्दाला पुष्कळ अर्थ असणे ही काही इंग्रजीचीच खोड नव्हे. आपल्याच ‘चालणे’ या क्रियापदाकडे पाहा. समजा, एखादा साहेब मराठी शिकतो आहे आणि त्याच्या वहीत ‘चालणे’ म्हणजे पायांनी पुढे जाणे, एवढाच अर्थ आहे. तो आपल्या घरी आला आणि आपण विचारले, “चहा चालेल का?” तर तो बिचारा कपबशीकडे पाहत राहील. आपले घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, वंश चालतो. फाटकी नोट चालत नाही. सिनेमा पंचवीस आठवडे चालतो. पुढाऱ्यांपुढे कोणाचे काही चालत नाही. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, लग्नकार्यात घराण्याची चाल असते. ‘चालू वर्ष’ म्हटले तर कोणी रागावत नाही. ‘चालू माणूस’ म्हणून पाहा! हे सगळे आपल्याला कोणी शिकवले? कोणीच नाही. ऐकता ऐकता आले.

आणि खुद्द ‘धाव’? विहिरीवर मोटा होत्या तेव्हा बैल ज्या उतरणीवरून नाडा ओढत खाली जात, त्या वाटेला ‘धाव’ म्हणत. बैल तिथे धावत नसत, ओझ्याने वाकून सावकाश जात. पण नाव धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी पट्टी चढवतो, तीही धाव. देवाचा करतात तो धावा, आणि शत्रूवर करतात तोही धावाच. शिवणाऱ्या बायकांना धावदोरा ठाऊक आहे. इंग्रजीतही त्या टाक्याला ‘रनिंग स्टिच’ म्हणतात. रेडिओवर सामन्याचे ‘धावते समालोचन’ ऐकता, तेव्हा समालोचक खुर्चीवर बसलेला असतो, बरं का.

याहून जुनी गोष्ट सांगतो. संस्कृतात ‘धाव्’ असा धातू आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात त्याचे दोन अर्थ दिले आहेत, एक गती आणि दुसरा शुद्धी. म्हणजे धावणे आणि धुणे. म्हणूनच दात घासण्याला ‘दंतधावन’ म्हणतात. त्यात दातांनी कुठे पळायचे नसते.

आता पुन्हा ‘रन’कडे वळू. त्याच्या ६४५ अर्थांचे रान दुरून घनदाट दिसते. पण आत शिरले की काही मोठ्या फांद्या हाती लागतात.

पहिली फांदी पायांची. ती मुलांना येते. दुसरी पाण्याची, आणि तिला दुय्यम समजू नका. इंग्रजीच्या जवळच्या नात्यातली भाषा जर्मन. तिच्यात ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे. इंग्रजीत या दोघांचे मिळून एकच ‘रन’ झाले. म्हणून पाणी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दी झाली की नाक ‘रन’ होते. आपण म्हणतो, नाक वाहते. नवे कापड धुताना रंग सुटला तर इंग्रज म्हणतो, रंग ‘रन’ झाला. अमेरिकेच्या काही भागांत तर लहान ओढ्यालाच ‘रन’ म्हणतात. १८६१ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई झाली ती ‘बुल रन’ची. व्हर्जिनिया राज्यातला तो ओढा आहे. आपला एखादा हुशार विद्यार्थी ‘बैलांची शर्यत’ असे भाषांतर करून मोकळा होईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यात भर म्हणजे वर्तमानपत्राच्या शेअरबाजाराच्या पानावर ‘बुल रन’ दिसले, तर तिथे ना बैल ना ओढा. तिथे त्याचा अर्थ भावांची लांबलेली तेजी.

पाण्याच्या या फांदीचे एक रोप आपल्या शिवारातही लागले आहे. पाऊस पडतो, थोडे पाणी मुरते, उरलेले जमिनीवरून वाहून जाते. इंग्रजीत त्याला ‘रनऑफ’ म्हणतात. पाणलोटाची कामे झालेल्या गावांत अधिकाऱ्यांच्या तोंडून ‘अपधाव’ हा शब्द ऐकला असेल, तो यालाच. समतल चर खोदायचे, बांध घालायचे, ते हा अपधाव अडवण्यासाठी. काहींना हा शब्द इंग्रजीवरून ओढून आणलेला वाटतो. मला तो चांगला वाटतो. संस्कृतातला ‘धाव्’ वाहत्या प्रवाहालाही लागतो, तेव्हा शब्द आपल्याच घरचा आहे.

तिसरी फांदी यंत्रांची, आणि ‘रन’ची खरी भरभराट झाली ती इथे. वाफेचे इंजिन आले, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या. ज्याला पाय नाहीत पण जे थांबल्याशिवाय फिरत राहते, अशा वस्तूंचा सुळसुळाट झाला. त्यांच्या चालू असण्याला इंग्रजाने शब्द वापरला ‘रन’. पुढे विजेची मोटार आली, तीही ‘रन’ होते. संगणक आला, त्यावरचा प्रोग्रॅमही ‘रन’ होतो. गंमत पाहा, तिथे आपण म्हणतो ‘चालते’. गिरणी चालते, पंप चालतो, पंखा चालतो. साहेबाचे यंत्र धावते, आमचे चालते. काम दोघांचे तेवढेच. गाड्यांच्या बाबतीत मात्र आपणही धावू लागलो आहोत. गणपतीला कोकणात जादा गाड्या ‘धावणार’, असे आपलीच वर्तमानपत्रे लिहितात.

याच फांदीला लागून कारभाराचा अर्थ फुटला. यंत्र चालवायचे, तसे दुकान चालवायचे, शाळा चालवायची, सहकारी सोसायटी चालवायची. इंग्रजीत सगळीकडे ‘रन’. आणि इथेच मुलांचा पाय अडखळतो, त्याचे कारण व्याकरणात आहे. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ हे दोन वेगळे शब्द आपल्या कानाला ऐकू येतात. दुकान चालते, बाई दुकान चालवतात. मधला ‘व’ सांगून जातो की करणारा कोणी दुसरा आहे. इंग्रजीत तो ‘व’ नाही. ‘द शॉप रन्स’ आणि ‘शी रन्स द शॉप’, क्रियापद तेच. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यात क्रियापदाच्या पुढे कर्म बसले आहे. म्हणून शिक्षकांनी मुलाला सवय लावावी ती ही, की ‘रन’ दिसला की आधी त्याच्या पुढे पाहा. पुढे दुकान, शाळा, पंप असे काही नाम असेल, तर बहुतेक वेळा तिथे ‘चालवणे’ बसवून बघावे. माहितीपत्रकातला तो पंप चटकन जागेवर येतो. ‘पंप कोरडा चालवू नका.’ बस्स, एवढेच त्यात होते.

चौथी फांदी लांबीची. रस्ता ‘रन’ होतो, कुंपण ‘रन’ होते, डोंगराची ओळ ‘रन’ होते. सह्याद्री किनाऱ्याला समांतर ‘रन’ होतो, असे भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात येते आणि मुलाच्या डोळ्यांपुढे पळता डोंगर उभा राहतो. त्याला विचारावे, “हा रस्ता कुठे जातो?” असे तू म्हणतोस की नाही? रस्ता तर जागचा हलत नाही. आपली नजर त्याच्यावरून जाते, म्हणून रस्ता जातो.

क्रिकेटचे मुलांना सांगायला नकोच. तिथला ‘रन’ पायांच्या फांदीवरचा, आणि मराठीने त्याला ‘धाव’ हा सरळ शब्द दिला. पण चौकार गेला की फलंदाज जागचे न हलता धावा चार! म्हणजे धाव ही आता पळण्याची क्रिया राहिली नाही, मोजायचे माप झाली. जुन्या काळी गुणलेखक काठीवर खाच पाडून धावा मोजत, आणि धावेलाही ‘खाच’ असाच शब्द होता.

निवडणुकीतला ‘रन’ मला सर्वांत मौजेचा वाटतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधला उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. एकच भाषा बोलणारे हे दोन देश, एकाचा उमेदवार पळतो आहे आणि दुसऱ्याचा उभा आहे. आपण यात इंग्लंडच्या बाजूचे. “या खेपेला सरपंचपदाला कोण उभं आहे?” असेच आपण विचारतो. अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात, म्हणजे जोडीने धावणारा. तो शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला.

बँकेवरचा ‘रन’ मात्र मौजेचा नाही. बँक बुडणार अशी आवई उठली, खरी वा खोटी, की ठेवीदार एकदम पैसे काढायला जमतात. त्या झुंबडीला इंग्रजीत बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. इथे पायही धावतात आणि पैसाही वाहून जातो, म्हणजे दोन फांद्या एकमेकींत गुंततात. कोणतीही बँक ठेवींचे सगळे पैसे तिजोरीत ठेवत नाही, ते कर्जाऊ दिलेले असतात. म्हणून सगळे एकदम आले तर धड बँकही अडचणीत येते. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा सामान्य ठेवीदारांचे फार हाल झाले. त्यानंतर १ जानेवारी १९६२ रोजी ठेवींचा विमा उतरवणारे महामंडळ आपल्या देशात स्थापन झाले. २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना या विम्याचे संरक्षण आहे.

आता राहिली शेपटे. इंग्रजी क्रियापदामागे ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’ असे बारके शब्द चिकटतात आणि अर्थ पार बदलून टाकतात. ‘रन आउट’ म्हणजे क्रिकेटमध्ये धावबाद. पण डिझेल ‘रन आउट’ झाले म्हणजे डिझेल संपले. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे. गाडी झाडाला ‘रन इन्टू’ झाली तर मात्र ती धडकली. आणि खर्च लाखांत ‘रन इन्टू’ झाला तर तो लाखांच्या घरात गेला. मोटार कुणाला ‘रन ओव्हर’ करते तेव्हा ती अंगावरून जाते. या जोड्या मुलांकडून याद्या करून पाठ करून घेण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो वेळ बराचसा वाया जातो. परीक्षा झाली की याद्या विरतात.

त्याऐवजी त्यांना त्यांच्याच बोलीतली एक जोडी ऐकवावी. ‘शेजारी धावत आला’ म्हणजे पळत पळत आला. ‘शेजारी धावून आला’ म्हणजे अडीअडचणीला मदतीस आला. मग तो काठी टेकत सावकाश आला असला तरी धावूनच आला. आणि ‘शेजारी अंगावर धावून आला’ म्हणजे भांडण जुंपले! ‘त’ जाऊन ‘ऊन’ आले, ‘अंगावर’ हा एक शब्द वाढला, तेवढ्याने नुसत्या पळणाऱ्याचा सोयरा झाला आणि सोयऱ्याचा वैरी. पाचवीतल्या मुलाला हा फरक कोणी न सांगता कळतो. त्याला म्हणावे, हीच नजर तिकडे लाव. क्रियापद ओळखीचे असले तरी तेवढ्यावर थांबू नकोस. त्याच्या मागे-पुढे कोण उभे आहे, धावणारा माणूस आहे की पाणी आहे की यंत्र आहे, ते बघ आणि मग अर्थ बोल.

शब्दकोश वापरायचीही एक रीत असते. आपल्याकडे मूल कोश उघडते आणि पहिला अर्थ उचलते. कोशात अर्थांना आकडे घातलेले असतात, ते पहिला-दुसरा नंबर म्हणून नव्हेत. वाक्य हातात धरून खाली उतरत जायचे, आणि जो अर्थ वाक्यात बसेल तिथे थांबायचे. बाजारात जोडा घेताना आपण पाय घेऊन जातो, तसे.

वर्गात करता येण्याजोगे एक काम सुचवतो. याला खर्च नाही. जुन्या वह्यांची कोरी पाने आणि एक रिकामा खोका पुरे. इंग्रजीपासून सुरुवात करू नका. मरे मास्तरांची चिठ्ठ्यांची रीत मराठी ‘लागणे’ या शब्दावर चालवा. प्रत्येक मुलाने आठ दिवस घरी, रानात, बाजारात कान उघडे ठेवायचे आणि ‘लागणे’ असलेले वाक्य ऐकले की चिठ्ठीवर उतरवायचे, खाली कोण बोलले ते लिहायचे. आजी, कंडक्टर, दुकानदार, कोणीही. बघा काय काय येते. भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, नोकरी लागली, भात खाली लागला, विहिरीला पाणी लागलं, पोरगं रडायला लागलं, तो माझा मामा लागतो, वाटेत ओढा लागतो. पन्नास चिठ्ठ्या सहज जमतील. मग त्या जमिनीवर पसरून मुलांनाच ढीग करू द्या. असे ढीग एकदा हाताने केलेल्या मुलापुढे मग ‘रन’ची दहा वाक्ये ठेवा. तुम्ही फक्त बाजूला उभे राहा, आणि ‘डोळा लागला’ व ‘वाटेकडे डोळे लागले’ या दोन चिठ्ठ्या एकाच ढिगात ठेवायच्या की वेगळ्या, यावरून त्यांचे भांडण जुंपले, तर लगेच मिटवायला जाऊ नका.